वासंतीबाईंची तक्रार

वासंतीबाई करंबेळकरांना लखनौच्या पोलिसांनी सहा वर्षांत किती वेळा हाकलून दिलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कधी 'अम्मा, कल आना', कधी 'साहब नहीं हैं', कधी नुसताच हात हलवून. आणि हाकलून झालं की त्याच पोलिसांबरोबर बसून त्या चहा पीत, वर समोसाही खात. घाबरू नका, बाईंचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. हे त्यांचं कामच होतं.

शहराबाहेर सरकारी नोकरांची एक प्रशिक्षण संस्था आहे. नवे पोलीस, तहसिलातले बाबू, तुरुंगाचे पहारेकरी अशा सगळ्यांना तिथे मानवी हक्क शिकवतात. पूर्वी ते पडद्यावर शिकवायचे. कलम अमुक, कलम तमुक. दिवे मालवले रे मालवले की मागच्या तीन रांगा घोरायला लागायच्या. संस्थेच्या विभा मॅडम एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बघायला आल्या होत्या. त्यात वासंतीबाई कजाग सासू झाल्या होत्या आणि शेवटच्या अंकात अशा काही रडल्या की पहिल्या रांगेतल्या रेल्वेच्या इंजिनियर साहेबांनी चष्मा काढून पुसला. पडदा पडल्यावर मॅडम थेट मेकअपच्या खोलीत. "मला अशी बाई हवी आहे," त्या म्हणाल्या, "जी ठाण्यात येईल, रडेल, आणि माझ्या पोरांना घाम फोडेल."

झालं! संस्थेतल्या एका खोलीत टेबल, रजिस्टर आणि साहेबाची खुर्ची मांडून खोटं ठाणं उभं राहिलं. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली एक घडीची खुर्ची, कुणाच्या लक्षात आली तर येईल अशी. वासंतीबाई पदर डोक्यावर घेऊन आत यायच्या आणि म्हणायच्या, "बेटा, मेरे लड़के ने मुझे घर से निकाल दिया." पुढचं शिकणाऱ्याच्या हातात. खुर्ची द्यायची, नाव विचारायचं, बोलू द्यायचं, लिहून घ्यायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. एवढंच! पण एवढ्यासाठी कुणाला चाळीस मिनिटं लागत, कुणाला ते शेवटपर्यंत सुचतच नसे. आणि बाईंचा आपला हट्ट, की खुर्ची मिळेपर्यंत बसणार नाही, टेबलाला टेकणारसुद्धा नाही. वय सहासष्ट, दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. विभा मॅडम हात जोडायच्या, पण ऐकतील तर वासंतीबाई कसल्या!

संध्याकाळी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या फ्लॅटवर लंगडत परतलं की वन्सं तेल कोमट करून बसलेल्या असायच्या.

वन्सं म्हणजे मालिनीताई, वासंतीबाईंच्या यजमानांच्या, मधुकररावांच्या थोरल्या बहीण. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या भावाकडे लखनौला आल्या. त्याआधी आणि त्यानंतरही, भावजयीच्या हातच्या आमटीला त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही. 'जरा पातळ झालीय' किंवा 'गूळ पुढे आलाय', याच्या पलीकडे कौतुक नाही. मधुकरराव संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, घरात मुके. ते गेले आणि या दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. गेल्या तीन वर्षांत वन्संची आठवण विरत चालली होती. दुपारी जेवल्या की नाही, ते चार वाजता आठवायचं नाही. पत्ता विचारला तर इंदिरा नगरचा सांगायच्या, जिथलं भाड्याचं घर सोडून दहा वर्षं झाली होती.

पण तालमीला प्रेक्षक म्हणून वन्संच. तीस वर्षं नाटक केलेली बाई तालमीशिवाय उंबरा ओलांडते होय? बॅच असली की आदल्या दिवशी वासंतीबाई दिवाणखान्यात उभ्या राहून सुरू करायच्या, "मेरे लड़के ने मुझे घर से निकाल दिया…" आणि वन्सं दर वेळी, अगदी दर वेळी, ताडकन उठायच्या. "हृषीकेशनं? तुला घराबाहेर काढलं? लाव, लाव त्याला फोन!"

बेंगळुरूत मीटिंगमध्ये बसलेला वासंतीबाईंचा लेक हृषीकेश कुजबुजायचा, "आत्या, कसम से, मैंने कुछ नहीं किया!"

"मराठीत बोल! आईला ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावतोस, लाज नाही वाटत?"

मग वासंतीबाई हसून हसून बेजार. पाच मिनिटांत वन्सं सगळं विसरत. निदान वासंतीबाईंची तशी समजूत होती.

त्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी तालीम झाली. सोमवारच्या बॅचनं पाऊण तास उभं केलं होतं, गुडघे टम्म सुजले होते. वन्संनी तेल लावता लावता विचारलं, "इतका वेळ कुठे उभं ठेवलं गं तुला?"

"ठाण्यात हो, वन्सं," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होतं. "माझी तक्रार लिहूनच घेत नाहीत मेले." आणि त्या आंघोळीला गेल्या. बाहेर येऊन बघतात तर दार सताड उघडं आणि वन्संच्या चपला जागेवर नाहीत.

त्यांनी सेक्टरातलं पार्क बघितलं, देऊळ बघितलं. सब्जीवाल्या भैयाला विचारलं, गेटवरच्या गार्डला विचारलं. गार्ड म्हणाला, मी आत्ताच ड्यूटीवर आलो. ज्या गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता, त्यांनी दोन तास रस्ते पालथे घातले. रायबरेली रोडवर ट्रकची ती वर्दळ, आणि वन्सं रस्ता ओलांडताना कुणाकडे बघत नसत, शाळेच्या पटांगणातून चालावं तशा चालत. शेवटी त्या जवळच्या ठाण्यात शिरल्या. खऱ्या कामासाठी जन्मात पहिल्यांदा.

आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिकवलेलं टिकतं का, हे बघायला विभा मॅडमनी मागच्या हिवाळ्यात पोलिसांना न कळवता वासंतीबाईंना दोन ठाण्यांत पाठवलं होतं. दोन्हीकडे पोलिसांची फजिती झाली, वरून ताशेरे आले. तेव्हापासून बाईंचा फोटो जिल्हाभर पोलिसांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता. खाली लिहिलेलं, 'ये आंटी आएँ तो पहले कुर्सी देना.'

तर वासंतीबाई दारात दिसल्या आणि तक्रारी लिहून घेणारा मुंशी उभाच राहिला. खुर्ची आली, तिच्यावर उशी आली. पाण्याचा ग्लास आला, तोही बशीत. "माँजी, आपका शुभ नाम?"

"माझी, मेरी ननद खो गई हैं. दो घंटे हो गए. उन्हें कुछ याद नहीं रहता…"

"जी माँजी. आराम से बताइए." मुंशी वळणदार अक्षरात लिहीत होता. त्यानं पूर्णविरामापर्यंत सगळं वाचून दाखवलं. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं बिनचूक. आणि जागचं कुणी हलेना! मागे दोन शिपाई तोंडावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतलं हसू बघितलं आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा, यांना ही परीक्षा वाटतेय!

"बेटा, मैं सच कह रही हूँ," त्या म्हणाल्या. म्हणाल्या आणि जीभ चावली, कारण हे वाक्य त्यांच्या नाटकातलंच होतं. 'भगवान की सौगंध', हेही नाटकातलं. मग त्यांना रडू फुटलं, खरं, छातीतून वर आलेलं, आणि मागचा शिपाई दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "वाह, क्या रोती हैं!"

मेल्यांनो! त्याच्या कानशिलात द्यावी असं त्यांना वाटलं. पण त्याची तरी काय चूक? सहा वर्षं त्यांनी एकूणएक खरी वाक्यं खोट्या ठाण्यात वापरून टाकली होती. आता खरंच गरज पडली तर बोलायला एकही उरलं नव्हतं. वन्सं रस्त्यावर होत्या आणि ठाण्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं.

एवढ्यात बाहेरून सब-इन्स्पेक्टर अनन्या आली. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली मुलगी. वासंतीबाईंना ती पक्की आठवत होती, कारण बाईंनी तोंड उघडायच्या आत खुर्ची देणारी सहा वर्षांत ती एकटीच. आणि दुसरंही कारण होतं. त्या दिवशी शेवटी ती म्हणाली होती, "आंटी जी, बस एक कमी है. आप कुछ भूलती नहीं हैं. असली लोग घबराहट में भूल जाते हैं." बाईंना ते इतकं झोंबलं होतं म्हणता! तीस वर्षांचा अनुभव, आणि ही कालची पोर मला शिकवते?

अनन्या समोर बसली. तिनंही हलकंसं हसू आवरलेलं दिसत होतं. कागद पुढे ओढून तिनं विचारलं, "क्या पहना था उन्होंने?"

वासंतीबाईंनी तोंड उघडलं. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी वन्संना साडी नेसवली होती. निऱ्या घातल्या, पदराला पिन लावली. साडी… हिरवी. नाही, हिरवी सोमवारी. मग निळी? काठ होते का? "मैंने ही पहनाई थी," त्या म्हणाल्या आणि पुढे काही सुचेना. "उमर अठहत्तर… नाही गं, सत्त्याहत्तर… मला आठवत नाहीये. अगं, मला काहीच आठवत नाहीये!"

अनन्याला मराठी येत नव्हतं. पण तिचं पेन थांबलं. या बाईला तिनं प्रशिक्षणातल्या दुसऱ्या एका प्रसंगात, हरवलेल्या खोट्या नातवाच्या खोट्या शर्टाची बटणंसुद्धा न अडखळता सांगताना ऐकलं होतं. ती खुर्ची मागे सारून उठली. "जीप निकालो," ती शिपायांवर ओरडली. "खड़े क्या देख रहे हो? आंटी जी भूल रही हैं!" मुंशीला ओ की ठो कळलं नाही, पण जीप निघाली आणि वायरलेसवर निरोपही गेला.

पंधरा मिनिटांत तेलीबागच्या बाजारातल्या चौकीवरून उत्तर आलं. एक म्हाताऱ्या बाई इथे दोन तास बसल्या आहेत. जायला तयार नाहीत.

जीप चौकीसमोर थांबायच्या आत वासंतीबाईंनी उडीच मारायची बाकी ठेवली होती. आत टेबलामागे पिकल्या मिशांचे एक हेड कॉन्स्टेबल, दोन वर्षांत निवृत्त होणारे, मानवी हक्कांच्या प्रशिक्षणाला आजवर कुणी न पाठवलेले. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत वन्सं बसलेल्या, ताठ, हातात बिस्किट. हेड कॉन्स्टेबल स्टुलावर. साडी जांभळी होती.

"आलीस?" वन्सं म्हणाल्या. "किती उशीर! मी यांना सगळं नीट सांगितलंय."

हेड कॉन्स्टेबल उठून उभे राहिले. "ई-रिक्शा वाले से बोलीं, थाने ले चलो, तो वह यहाँ छोड़ गया. अपना नाम पूछो तो सोच में पड़ जाती हैं. पता इंदिरा नगर का बताती हैं, वहाँ फ़ोन करवाया, कोई जानता नहीं. बस एक ही रट, मेरी भाभी की रपट कोई नहीं लिखता, लिखवाए बिना नहीं जाऊँगी." ते जरा ओशाळले. "तो मैंने लिख दी. रजिस्टर में नहीं चढ़ाई है, सादे काग़ज़ पर है. अम्मा का मन रह गया."

वासंतीबाईंनी कागद हातात घेतला. 'तक्रार करणाऱ्याचं नाव' या जागी काही नव्हतं, कारण वन्संना स्वतःचं नाव आठवलं नव्हतं. खाली मात्र ठळक लिहिलेलं, वासंती मधुकर करंबेळकर, माहेर राजापूर. मग हिंदीत एकेक ओळ. वासंतीला मुलानं घराबाहेर काढलं आहे. मुलगा तसा चांगला आहे, समजावलं तर ऐकेल. वासंतीला कुणी घराबाहेर काढावं अशी ती नाही, ती स्वयंपाक उत्तम करते, तिच्या हातची डाळ कुणालाही विचारा.

इथे बाईंना अक्षरं दिसेनाशी झाली. पदरानं डोळे टिपून त्यांनी शेवटची ओळ वाचली. 'वासंती के घुटनों में दर्द रहता है. उसे थाने में खड़ा न रखा जाए.'

त्या तिथेच टेबलाशी उभ्या राहिल्या. नाटकात रडणं त्यांना चांगलं यायचं, कुठे थांबायचं तेही ठाऊक असायचं. आता थांबायचं कुठे, ते कळेना. अनन्या दारात खाली मान घालून उभी होती.

"रडू नकोस," वन्सं शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "मी आहे ना. आणि अहो हवालदार, तुम्हाला लिहून दिलंय ना मी? मग ही अजून उभी कशी?"

मराठी होतं, पण हेड कॉन्स्टेबलना बरोबर समजलं. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. वासंतीबाई बसल्या.

"आता बरं वाटतंय का गुडघ्यांना?" वन्संनी विचारलं.

"हो, वन्सं," वासंतीबाई म्हणाल्या.