निवडुंगाला रोजचा अभिषेक

मंडळी,

आज दुपारी खिडकीतला गोल निवडुंग उचलला, तर बुडाशी पिवळा आणि मऊ! लेकीनं अकलूजला सासरी जाताना तो माझ्या स्वाधीन केला होता.

पाणी जास्त झालंय, हे निदान मी केलं. घालणारं कोण, हे आईनंच सांगितलं.

"पिंडीवानी दिसतोय की! रोज अभिषेक करते."

"आई, महादेवाला सोसतं. याला निर्जळीच मानवते."

कुजका भाग कापून निवडुंग सावलीत ठेवला. जखम सुकली की कोरड्या वाळूत लावायचा. पडद्यातून ऊन झिरपत होतं. आई पेंगत, मधेच डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती.

"पाणी घालायचं न्हाय, तर आपण हितं हाय हे त्याला कळायचं कसं रे?"

जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं; आता याचं उत्तर जुन्या सुभाषितांत शोधतोय. तुमच्याकडे असेल, तर पोस्टकार्डावर मावेल एवढं कळवाल?