वय झालेल्यांना आत घेत नाहीत

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कंटाळा आलाय हो — एवढं पोटात ठेवून रोज सकाळी त्याच माणसाच्या हातात चहाचा कप द्यायचा.

आम्ही दुबईत, अल बर्शाला राहतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मुलांच्या सुट्टीत जपानला जायचं ठरलं, तिथल्या थीम पार्कांत. ठरलं म्हणजे — सगळं मीच करायचं, हे ठरलं. नवरा अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या कामावरून येतो तो थेट सोफ्यावर आडवा. मुलांचं पालुपद, "मम्मा, यू डिसाइड." मग ऑफिसच्या लंचमध्ये व्हिसा, हॉटेल, आधी कुठलं पार्क, कुठल्या राइडला रांग कमी... डोक्याचं पार भजं झालं होतं.

आणि आई, म्हणजे सासूबाई? आईंचा उत्साह काय सांगू! पांढरेशुभ्र बूट आणले. बाहेर ऊन म्हणून रोज मॉलमध्ये फेऱ्या. "अगं वैशाली, तिथे दिवसभर चालायचं असतं ना? सवय नको?" घरी आल्या की लाल झालेल्या चेहऱ्यानं मला मुद्दाम सांगायच्या — आज दम लागला नाही.

त्या वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं, नाही? पण मला — कसं सांगू — थोडे दिवस कुणाची सून व्हायचं नव्हतं. कुणाच्या गोळ्या, कुणाचं पथ्य, कुणासाठी थांबणं, काही म्हणजे काही नको होतं. मी दमले होते. दमतात तर सगळेच.

तिकिटांच्या पानावर ज्येष्ठांसाठी वेगळा रकाना होता. डोळ्यांसमोर होता. आई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. मी मान वर न करता म्हणाले, "आई, वय झालेल्यांना आत घेत नाहीत हो तिथे. नियम आहे."

"हो का?" जुडी हातात तशीच राहिली. "नियमच असेल तर काय करणार बाई."

नवऱ्याला सांगितलं, आईच नको म्हणतायत, गुडघे दुखतात. त्याला पटलं. आईंना अबुधाबीला नणंदेकडे सोडलं. निघताना त्यांनी चिवड्याचा डबा दिला — रांगेत पोरांना भूक लागेल म्हणून.

तो चिवडा आम्ही रांगेतच खाल्ला. आणि पुढे कोण उभ्या होत्या? जपानी म्हाताऱ्यांचा अख्खा घोळका! डोक्यावर सशाचे कान, एकीच्या हातात काठी, हसून हसून बेजार. धाकटी म्हणाली, "मम्मा, आज्जी वुड लव्ह दिस." मी म्हटलं, पुढे सरक.

परत आल्यावर आईंनी फोटो मागितले. एका फोटोत मुलांच्या मागे त्या म्हाताऱ्या होत्या. तो काढून टाकायचं राहून गेलं — लबाडी करायलाही डोकं ठिकाणावर लागतं. आईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग नुसतं म्हणाल्या, "पोरं छान आलीत गं."

तेव्हा बोलता आलं असतं. मी पुढचा फोटो सरकवला. लाज वाटली का? वाटली ना. लाजेपेक्षा भीती जास्त होती.

नंतर एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काकू, तुम्ही नाही गेलात?" मी किचनमध्ये होते, हात ओले. आई बाहेर म्हणाल्या, "मलाच नको होतं. वैशाली केवढी मागे लागली होती!"

मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

मॉलच्या फेऱ्या बंद झाल्यात. पांढरे बूट दाराजवळच्या रॅकमध्ये आहेत. खाली दूध आणायला जातात तेव्हाही आई आता चपला घालतात.