एका सेंटिमीटरने वाढलेली काच

अप्पांच्या पोलादी पट्टीचा आरंभच झिजून गेला होता. सुभाष रोडवरच्या आमच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात ती इतकी वर्षे काचेवर घासली गेली, की शून्याची रेघ बोटाला लागत नसे. म्हणून अप्पा एकच्या रेघेपासून मोजत आणि आलेल्या मापातून एक सेंटिमीटर मनातल्या मनात वजा करत. काच चौकटीपेक्षा दोन मिलिमीटर कमीच कापायची, म्हणजे अडकत नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला ते ऐकवत, "सेंटिमीटर तुमचा, मिलिमीटर काचेचा."

आईचे वर्षश्राद्ध आठवड्यावर आले होते. तिचा फोटो आपणच मढवायचा, हा अप्पांचा हट्ट. दुकान आता माझा धाकटा भाऊ पाहतो. त्याने तयार फ्रेम सुचवली, तेव्हा अप्पा म्हणाले, तिला पसंत मी केली होती, फ्रेम तू पसंत करणार? भाऊ हसून बाजूला झाला. मी त्यांच्याजवळ बसले.

दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि रॉकेलचा वास होता. अप्पांनी मोजले, काच कापायचा हिरा तिच्यावरून फिरवला. कोरे रेशीम फाटावे तसा बारीक आवाज झाला. रेघ जराही हलली नव्हती. पण काच चौकटीत बसेना; सेंटिमीटरभर बाहेर राहिली. वजाबाकी राहून गेली होती. पावसाळी हवेने लाकूड फुगले असेल, अप्पा म्हणाले. मी हो म्हटले.

मग किती काढायचे हे पाहण्यासाठी त्यांनी पट्टीवर नख टेकवले. लहान रेघांवरून मोठ्या रेघेपर्यंत ते गेले, मागे आले, पुन्हा गेले. दाराशी फुलवाली शेवंतीची माळ कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून देत होती, कन्नडमध्ये घासाघीस चालली होती. त्या गलक्यात अप्पांनी अगदी हळू विचारले. घरात सगळे मला अक्का म्हणतात, तेही.

"अक्का, मिलिमीटर आणि सेंटिमीटर... यातला मोठा कोणता गं?"

मी त्यांच्या नखाशेजारी पट्टीवर बोट ठेवले.

"सेंटिमीटर, अप्पा. दहा मिलिमीटरचा एक."

शाळेतल्या मुलासारखी त्यांनी मान हलवली. भावाकडे एकदा चोरून पाहिले. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"मग तू माप सांग. हात अजून माझाच आहे."

मी सांगितले, त्यांनी कापले. काच आवाज न करता बसली.

श्राद्धाच्या दिवशी पाहुणे फोटोपाशी थांबून म्हणाले, हात अजून तसाच आहे हो यांचा. अप्पा पानावरचा भात कालवत राहिले. तो कालवून कालवून गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने स्कूटर सुरू केली आणि रोजच्यासारखी अप्पांना दुकानाला निघण्याची हाक दिली. अप्पा फोटोकडे पाठ करून बसले होते.

"तूच जा," ते म्हणाले.