चिपेवरचं कुंकू

आमच्या घरी नवीन वस्तू आली की आधी तिले हळदकुंकू, मग तिचं काम. ट्रॅक्टर असो का मिक्सर, सासूबाईंचा नेमच आहे तो.

यंदा त्यांच्या दम्यासाठी पुसदहून औषधाची वाफ घ्यायचं मशीन आणलं. हातात मावणारं, बॅटरीवालं. मागच्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीले, सीतादहीच्या पूजेले, त्यांना वावरात येताच आलं नव्हतं. दहीभाताचं ताट मी नेलं, अन् त्या अंगणात खोकत बसल्या. या घरात आल्यापासून दही त्यांनीच शिंपडलं होतं, म्हणून लय लागलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, यंदा सकाळी वाफ घ्या, मग खुशाल जा.

सीतादहीच्या सकाळी मशीन सुरू केलं, तर लाल दिवा. दुकानदारानं सांगितलंच होतं, मशीनले जो औषधाचा कप लावतात, त्याचे नकली बाजारात आले आहेत, म्हणून खऱ्या कपाच्या बुडाशी मुगाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. ती चिप बॅटरी नावापुरतीच खाते. मशीन आधी तिले ओळखते, मगच चालते. ओळख पटली नाही तर लाल दिवा.

माझं डोकं फिरलं. आधीच मी तापट, त्यात नकली बियाणं पेरून हात पोळलेली माणसं आम्ही. दुकानदाराले फोन लावून पोटभर झापलं. बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणे, "ताई, मशीनची पूजा केलती काय?"

"केलती. काहून?"

"कपाचं बूड पाहा बरं. दसऱ्यापासून असेच फोन येऊन राह्यले."

बुडाशी चिपेच्या पितळी ठिपक्यांवर हळद, अन् तिच्यावर लालभडक कुंकू. सासूबाई पदर तोंडाले लावून हसत होत्या. "तेवढीच जागा चमकून राह्यली होती," म्हणे. "मले वाटलं, देव तिथंच असन."

कोरड्या फडक्यानं पुसलं अन् हिरवा दिवा लागला. दुकानदाराले मी दिवाळीच्या फराळाचं आवतण देऊन टाकलं. दुसरं काय करणार?

वावरात दही सासूबाईंनीच शिंपडलं. मी कापसासाठी कमरेले ओटी बांधून वेचत पुढं निघाले, तर मागून वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "अवं, बोंडात अर्धा कापूस सोडून कुठं पळून राह्यली? तुह्या मायनं वेचणं शिकवलं नाही काय तुले?"

अख्ख्या वावरानं ऐकलं. बाया हसायले लागल्या. मागच्या वर्षी याच बाईले एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. एरवी माझ्या मायचं नाव काढलेलं मी खपवून घेत नाही.

त्या दिवशी म्हटलं, बोला आई, अजून बोला.