झोपाळा थांबवून घेतलेलं माप

“हींचको काढी नाखीए,” शैलेशभाई म्हणाले. म्हणजे झोपाळाच काढून टाकू.

“पहेलां मने काढ,” त्यांच्या आई म्हणाल्या. आधी मला काढ. घरात सगळे त्यांना बा म्हणतात.

बा नुकत्याच पडता पडता वाचल्या होत्या. झोपाळ्यावर बसून त्यांनी अंगठ्याने जमीन रेटली. झोपाळा मागे गेला, पुढे आला, आणि पायाची बोटं गालिच्याच्या काठात अडकली. साखळी हातात होती म्हणून निभावलं.

तो गालिचा मी निवडला होता. ताग वळून केलेला, गोल, नऊ फूट व्यासाचा.

मी सुरतेत वेसूच्या एका फर्निशिंग शोरूममध्ये आठ वर्षं काम करते. माझ्या कार्डावर ‘रग स्टायलिस्ट’ असं छापलं आहे. आई विचारणाऱ्यांना सांगते की पोरगी सतरंज्या विकते. आईचं वर्णन जास्त अचूक आहे. काम तसं साधं असतं. जिथे पाणी सांडतं तिथे ताग घालू नका, तो ओला झाला की पिवळे डाग धरतो. दाराशी काथ्या चालतो. रांगणारं मूल असेल तर सुती. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत, नाहीतर गालिचा खोलीत हरवल्यासारखा दिसतो. एवढं सांगण्याला आमच्याकडे ‘कन्सल्टेशन’ म्हणतात.

शैलेशभाईंचा कापडाचा व्यापार. नव्या फ्लॅटमध्ये ते आधीच राहायला आले होते; वास्तू, म्हणजे वास्तुशांत, रविवारी. आज शुक्रवार. त्यांच्या डिझायनरच्या मते हॉलचा ‘हीरो’ गालिचा होता. बांच्या मते हॉल म्हणजे झोपाळा आणि भोवतीची उरलेली जागा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या दिवसाचे बरेच तास तिथेच काढत. भाजी निवडणं, फोन, दुपारची डुलकी, सगळं तिथेच. झोपाळा गेला तर त्यांना आतल्या खोलीतला पलंग उरणार होता. हे हॉलमध्ये कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

चूक कोणाची हे मला लगेच समजलं. महिन्यापूर्वी मीच माप घेतलं होतं. टेप धरताना झोपाळा सारखा मध्ये येत होता, म्हणून मी तो हाताने थांबवला. थांबलेल्या झोपाळ्यापासून गालिचा चांगला लांब राहणार होता. खानदेशातून आलेल्या माणसाने सुरतेत जन्म काढला तरी काही गोष्टी कळायला उशीर लागतो. झोपाळा हलतो, ही त्यातली एक.

मी गालिचा सरकवून पाहिला. दुसऱ्या बाजूला तो भिंतीवर चढू लागला. उलट ओढून झोपाळ्याखाली पूर्ण पसरला, तर ताग बांच्या तळव्याला टोचला, आणि पाय रेटताच गालिचा गोळा झाला. खालची न घसरणारी जाळी तिथे काही करू शकली नाही.

मी मेहुलसरांना फोन केला. शोरूम त्यांचं.

“बदलून देता येईल का?”

“कस्टम पीस आहे, ज्योती. रिटर्न नाही.”

“मग कापू?”

“हँडमेड कापलास की त्याचं पायपुसणं होतं. तू पार्टीला समजाव. झोपाळा बाल्कनीत छान दिसेल म्हणावं.”

“बाल्कनीत ऊन येतं, सर.”

“मग छत्री लाव,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सुशीलाबाईंना बोलावलं. त्या मूळच्या आमच्या खानदेशातल्याच, सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहतात आणि आमच्याकडच्या वेण्यांच्या गालिच्यांची दुरुस्ती करतात. रिक्षातून उतरल्या त्या दाभण आणि दोऱ्याची गुंडी घेऊनच. गालिचा उलटा केला, बोटाने फेरे चाचपले.

“कसाले कापस, बाई? उसवी टाक.”

मला स्वतःची लाज वाटली. हा गालिचा विणलेला नसतो. तागाची एक लांब वेणी मधल्या टिपक्यापासून गोल गोल फिरवत नेतात आणि प्रत्येक फेरा शेजारच्याला टाचतात. बाहेरचे फेरे सोडवले तर आतल्याला काही होत नाही. आठ वर्षं मी हे ग्राहकांना कौतुकाने सांगत आले होते.

“किती फेरे काढायचे?” मी टेप उघडली.

“ती ठेव. आजी, बसा नि झोका ल्या,” त्या बांना म्हणाल्या. अहिराणी आणि सुरती गुजराती समोरासमोर आल्या की दुभाष्याला काम उरत नाही. बा बसल्या.

“धीरे, बा,” शैलेशभाई म्हणाले.

“तू धीरे बोल,” बा म्हणाल्या, आणि असा झोका घेतला की साखळ्या वाजल्या. सुशीलाबाईंनी खडूने, पाय पुढे जिथवर येत होते तिथे, फरशीवर रेघ मारली. रेघेच्या अलीकडे जेमतेम वीतभर गालिचा होता. वेणी बोटाएवढी रुंद. एकेक फेरा सोडवत गेल्या, गालिचा पसरून पाहत गेल्या. अकरा फेऱ्यांनंतर काठ रेघेच्या पलीकडे गेला. सोडवलेली वेणी तोडून उरलेल्या टोकाच्या तिन्ही पदरांना त्यांनी वेगवेगळ्या लांबीवर कातरलं, म्हणजे टोक निमुळतं झालं, आणि ते खाली वळवून टाचलं. कुठे संपवलंय हे मला दोनदा शोधावं लागलं.

आता सोफ्याचे पाय गालिच्याबाहेर राहिले. नियमाप्रमाणे हे वाईट. डिझायनर व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “प्रपोर्शन गेलं.” मी आणि शैलेशभाईंनी दोन्ही सोफे आत ओढले. पाय पुन्हा गालिच्यावर आले आणि माणसं झोपाळ्याच्या जवळ आली.

“हवे संभळाय छे,” बा म्हणाल्या. आता ऐकू येतं. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात माहीत होतं. सोफे लांब आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी पंधरा-वीस झोके घेतले. मी जमिनीवर बसून फक्त त्यांची बोटं पाहत होते. एकदाही काठाला लागली नाहीत. तेव्हा कुठे मी पाणी मागितलं.

रविवारी वास्तू झाली. बा झोपाळ्यावर बसूनच आल्यागेल्याचं स्वागत करत होत्या. मेहुलसरांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘प्रत्येक कुटुंबासाठी खास घडवलेला आकार’. सुशीलाबाईंचं नाव नव्हतं. मी सांगितल्यावर सरांनी घातलं, कुरकुरत.

आता मी माप घ्यायला गेले की टेप उशिरा काढते. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला रोजच्या जागी बसायला सांगते आणि चहा घेते. मेहुलसर याला वेळ घालवणं म्हणतात. चहा झाल्याशिवाय मी कोणताही आकडा लिहीत नाही.