सुनेच्या सायकलीला मी तेल लावलं

माझ्या सुनेचा उजवा हात मी गोडेतेलानं मोडला.

सांगते सगळं. मध्येच हसायला आलं तर हसून घ्या, मला आता सवय झालीय.

अश्विनीला आमच्या घरात येऊन सहा वर्षं झाली. बारावी झालेली, वर बालवाडीचा कोर्स केलेली. सोयरीक जमवताना आम्हीच म्हणालो होतो, सून शिकलेली पाहिजे. (कशासाठी पाहिजे, ते कुणी ठरवलं नव्हतं. सहा वर्षं ती शिकलेली सून भाकऱ्या थापत होती आणि झेंडू तोडत होती.) यंदा तिला कळलं की घोडेगावात एका बालवाडीला बाई हवी आहे. आमच्या वाडीवरून घोडेगाव सायकलनं अर्ध्या तासावर. मोटरसायकल माझा मुलगा चाकणला घेऊन गेलेला, आणि एसटी म्हणजे तिच्या मनात येईल तेव्हा येणार. मग पोरीनं माहेरची जुनी सायकल आणली, घोडेगावच्या मिस्त्रीकडून ब्रेकला नवी रबरं बसवून घेतली, आणि सवय व्हावी म्हणून रोज सकाळी डेअरीला दूध सायकलवरून न्यायला लागली.

मला ते पटलं नव्हतं. त्यातून तिची एक तऱ्हा होती. निघायच्या आधी अंगणात सायकल धरून उभी राहायची, दोन्ही ब्रेक आवळायची आणि सायकल पुढं ढकलून बघायची. चाक जागचं हललं नाही, की मगच वर बसायची.

"काय गं, रोजची नाडी बघतीस? आजारी हाय का ती?"

"आई, आपला उतार केवढा हाय! खाली गेल्यावर बघून काय उपयोग?"

मी मान उडवली. इतकं ब्रेक ब्रेक करायला ही काय एसटी चालवते?

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं लोखंड म्हणून जे काही असेल ते धुवून, तेल लावून पूजेला मांडतात. विळा, कोयता, खुरपी, पहार, कुऱ्हाड. अश्विनी झेंडू तोडायला गेली होती. भिंतीला सायकल दिसली आणि मला मायेचा उमाळा आला हो! म्हटलं, परवा पोरीची मुलाखत. आपण नाकं मुरडली, आता आपणच तिची सायकल पूजेला मांडू. सुनेला किती बरं वाटेल!

सायकल धुतली. शिलाई मशीनचं तेल संपलं होतं, म्हणून गोडेतेलाची वाटी घेतली. साखळीला लावलं. दांडीला लावलं. मग चाकाच्या कडा दिसल्या. कोयत्याला चोळावं तसं त्या कडांना गोल गोल फिरवून तेल चोळलं. दोन्ही चाकं अशी चकाकली, की त्यात तोंड बघून कुंकू लावावं! आणि त्या कडांना खेटून ती दोन-दोन रबरं. कोरडी ठणठणीत! मला त्यांची दया आली. कापसाचा बोळा तेलात बुडवून एकेका रबराला पोटभर पाजलं. वर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

पूजेतल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्यामुळं दोन दिवस दूध चालत गेलं, आणि रबरं निवांत तेल पीत बसली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत. अश्विनीनं ठेवणीतली साडी नेसली, सर्टिफिकिटांची फाइल पुढच्या बास्केटात ठेवली. मी तिच्या तळहातावर दही-साखर घातली. तिनं ती खाल्ली आणि सवयीनं ब्रेक आवळायला गेली.

"आता थांबायचं न्हाई!" मी ओरडले. "दही खाल्ल्यावर दारात घुटमळत्यात का? अपशकुन हुतो. नीघ!"

"आई, एकदाच बघते..."

"नीघ म्हणते ना!"

निघाली बिचारी.

मी अंगणाच्या कडेला उभी राहून उताराकडे बघतेय. सायकल सुसाट! एरवी ही पोरगी गोगलगाईसारखी उतरायची. म्हटलं, नोकरीचा हुरूप बघा केवढा! पदर उडतोय, दोन्ही पाय जमिनीला घासतायत. (मला वाटलं, मजेत आहे.) तेवढ्यात ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आईऽऽऽ!"

मी वरून हात उंच करून ओरडले, "यशस्वी होऽऽऽ!"

उताराच्या तळाला रस्ता वळतो. अश्विनी वळली नाही. वळणावर दत्तू राहतो, आमचा शेजारी. दसरा सरला की झेंडूला कुत्रं विचारत नाही, म्हणून त्यानं उरलेल्या फुलांचा छातीएवढा ढीग तिथं ओतला होता. सायकल अलीकडं आडवी झाली आणि माझी सून त्या ढिगात दिसेनाशी झाली.

मी धापा टाकत खाली पोचले, तर दत्तू फुलं उपसतोय. "वहिनी! अवो वहिनी, वाईच बोला तरी!"

ढिगातून आवाज आला, "भावजी, माझी फाइल बघा..."

डोक्यावर, कानांत, साडीच्या निऱ्यांत झेंडूच झेंडू. नवरीसुद्धा एवढी सजत नाही! फक्त उजवा हात भलतीकडंच वळला होता.

दीड महिना प्लास्टर. बालवाडीच्या बाईंनी फोनवर फार हळहळ केली आणि चार दिवसांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? पोरं थोडीच थांबतात. अश्विनी फोन ठेवून डाव्या हातानं भाजी निवडायला बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता मी काय केलं ते ऐका. हे सांगायला मला जड जातंय, पण सांगते. मी वाडीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं, "आमच्या सूनबाईला धीर न्हाई. येड्यासारखी सायकल पळवली. मी 'सावकास जा' म्हणत व्हते!" (सावकाश! मी!) लोक मान हलवायचे. चहा द्यायचे. मी पुढच्या घरी जायचे.

वाडी संपली, तेव्हा दत्तूच्या पिकअपमध्ये सायकल घालून मी घोडेगावला मिस्त्रीशी भांडायला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं. म्हटलं, बरं झालं, ऐकू देत.

"कसली रबरं बसवली रं? माझ्या सुनेचा हात मोडला! जबाबदार कोण?"

मिस्त्री उठला. चाकाच्या कडेवरनं बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं.

"मावशी, हितं तेल कुणी लावलं?"

"मी. खंडेनवमीला. का?"

"आन् ह्या रबरांना?"

"त्यांना तर जास्तीच लावलं. कोरडी व्हती."

गिऱ्हाइकं हसायला लागली. मिस्त्री मात्र हसला नाही. त्यानं माझा हात धरून कोरड्या फडक्यावर घासला, मग तेलकट कडेवर घासला. "कळलं का? रबर चाकाला करकचून घासतं, म्हणून चाक थांबतं. ब्रेक म्हंजे निस्तं घासणं, मावशी. तेल साखळीला द्या, ब्रेकच्या वायरीला द्या. हितं थेंब पडला, तरी साबणानं धुवा. तुमी तर तळण काढलंय! रबरं फेकूनच द्यावी लागत्याल."

घरी आले. अश्विनी गळ्यात हात अडकवून चुलीपुढं बसलेली.

"तुला ठाऊक व्हतं?"

"हो."

"कधीपास्नं?"

"उतारावरच कळलं. ब्रेक दाबला तर लोण्यात बोट घातल्यागत."

"मग बोलली का न्हाईस गं? मी गावभर तुला बोल लावत फिरले!"

तिनं डाव्या हातानं लाकूड पुढं सारलं. "बोलले असते, तर तुमी म्हणाला असता, देवाच्या तेलाला नावं ठेवती."

म्हणाले असते. अगदी ह्याच शब्दांत.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून ठरवलं, जितक्या घरी खोटं सांगितलं, तितक्या घरी जाऊन खरं सांगायचं. सुरुवात दत्तूपासून. काळीज घट्ट करून त्याच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दत्तू, अश्विनीचा काही दोष न्हाई. सायकलीच्या ब्रेकांना तेल मी लावलं व्हतं."

दत्तूनं बायकोकडं बघितलं. बायकोनं दत्तूकडं बघितलं.

"काकू," तो म्हणाला, "ते सगळ्या वाडीला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं? अश्विनीनं?"

"वहिनी कशाला सांगतील? दसऱ्याला सोनं द्यायला आलता तवा तुमीच सांगत व्हता. 'सुनेच्या सायकलीला चाकापास्नं रबरापर्यंत असं तेल चोळलंय, बघायला या!' प्रत्येक घरात सांगितलंत."

"मग मी तिला नावं ठेवत व्हते, तवा तुमी तोंड का नाय उघडलं?"

"तुमाला कोण सांगणार?" दत्तूची बायको म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

म्हणजे महिनाभर मला वाटत होतं, मी सुनेची बदनामी करतेय. ती माझीच होती हो! घरोघरी नेऊन पोचवली, भर उन्हातून, ह्या दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि वर प्रत्येक घरी चहा पिऊन आले.