सुपाच्या पंखांचं यान

१४ मे १९८६. सासूबाईंची तेरवी तीन दिवसांवर आली होती आणि मी सिहोऱ्याच्या घरात त्यांची पेटी उपसून फोटो शोधत होते. हार घालायला फोटो हवा. पेटीतून लुगडी निघाली, हळकुंडं निघाली, कुलूप हरवलेल्या तीन किल्ल्या निघाल्या; फोटो निघाला नाही. तो निघणार नाही हे मला ठाऊकच होतं. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या ऐंशी ओलांडून गेल्यामुळे ते खोडून काढण्याची कोणाची हिंमत नव्हती. त्यांचा जगात एकच फोटो होता आणि तो अंतराळयानातला होता.

भंडारा जिल्ह्यातून आमच्या तुमसरच्या भाऊजींनी जितकी माणसं अंतराळात पाठवली, तितकी रशियानं आणि अमेरिकेनं मिळूनही पाठवली नसतील. हे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. तुमसरला एका राइस मिलला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. इतरांच्या स्टुडिओत भिंतीवर देव असत किंवा नट्या असत. यांच्याकडे यानं होती. रद्दीत येणाऱ्या रशियन मासिकांतून ते ती कापून घेत. त्या गुळगुळीत कागदांची मी मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालत असे, पण कागद माझ्याकडे भाऊजींच्या कात्रीखालून येत. त्यामुळे आमच्या मुलांच्या पुस्तकांवर मधोमध यानाच्या आकाराचं भोक असे आणि मास्तर मला विचारत, घरी उंदीर फार आहेत का. पंचाहत्तर साली रशियाचं आणि अमेरिकेचं यान वर एकमेकांना जोडलं गेलं आणि दोन माणसांनी दारातून हात मिळवले. तो फोटो भाऊजींच्या डोक्यात असा बसला की लग्नात व्याह्यांनी मांडवाच्या खांबाच्या दोन बाजूंनी हात मिळवल्याशिवाय ते बटण दाबेनात. एका लग्नात मानपानावरून दोन्ही व्याही रुसून बसले होते. भाऊजी म्हणाले, “रशिया-अमेरिकेचं जुळलं, तुमचं काहून नाही जुळून राहिलं?” हात मिळाले, फोटो निघाला. मग आपल्यातला अमेरिका कोण, यावरून दोघे पुन्हा रुसले.

स्कायलॅब पडणार म्हणून एकोणऐंशीच्या पावसाळ्यात गावोगावी घबराट होती. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, कारण कोंबडी स्कायलॅबखाली वाया कशाला घालवायची. भाऊजी मात्र छत्री आणि कॅमेरा घेऊन राइस मिलच्या छपरावर चढून बसले. “पडाचंच असन तर माह्या समोर पडावं,” एवढीच त्यांची अपेक्षा होती. ते ऑस्ट्रेलियाकडे पडलं. भाऊजींच्या रोलवर ढग निघाले, बारा नग. ते बाराही त्यांनी चौकटीत घालून लावले आणि खाली लिहिलं, ‘स्कायलॅब न पडलेलं आकाश, तुमसर’. गिऱ्हाइकांना ते एकेक करून दाखवत, आणि तिसरा ढग सर्वांत चांगला आहे असंही सांगत.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात आपल्या देशाचा एक माणूस रशियन यानातून वर गेला आणि भाऊजींनी यान बांधायलाच घेतलं. मिलमधली टाकाऊ पत्र्याची नळी, वर प्लायवूड, खिडकीला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, आत मोडक्या रेडिओची बटणं. रशियन यानाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, त्यासाठी त्यांनी आमच्या घरून सासूबाईंची दोन सुपं मागून नेली. “दोन दिसात आणतो, मोठीमाय,” म्हणाले आणि त्यांना चंदेरी रंग फासला. स्टुडिओसमोर रांग लागली. नवरे-नवऱ्या बसले, व्यापारी बसले. एक लठ्ठ धान्यव्यापारी स्टुलावर करकरत बसला, तर भाऊजी म्हणाले, “शेठजी, वजन सोडा. वर वजन नसते.” एका पुढाऱ्यानं निवडणुकीच्या पत्रकासाठी यानातला फोटो काढून घेतला. लोकांनी त्याला पाडलं. भाऊजींचं मत पडलं की मतदार अजून पृथ्वीवरच आहेत.

सुपं काही आली नाहीत. महिनाभर कोंडा तोंडानं फुंकायची वेळ आल्यावर सासूबाईंनी एसटी धरली. मी सोबत होते. यानाला लागलेलं आपलं सूप बघून त्या स्टुलावर चढल्या आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून ते ओढू लागल्या. “माह्यं सूप होय रे हे, मुडद्या. आभाळात काय पाखडतं?” खिळा सुटला, सूप हातात आलं आणि त्या हसल्या. भाऊजींनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. पुढं दोन वर्षं सासूबाईंनी त्या चंदेरी सुपातच पाखडलं. आमच्या भातात अधूनमधून चकाकतं काही निघे. मी निवडून टाकत असे. यान मात्र एकाच पंखावर राहिलं.

तर पंधरा तारखेला मी तुमसरला गेले. नणंदेनं बजावून पाठवलं होतं, “वहिनी, मायले तमाशातल्यासारखी टांगू नका.” म्हणून मी भाऊजींना सांगितलं की यान काढून टाका, सासूबाई तेवढ्या ठेवा. ते तासभर वाद घालतील या हिशेबानं मी परतीची एसटी उशिराची ठरवली होती. ते म्हणाले, “देतो ना, वहिनी. तसंही ते आता मोडाचंच आहे.”

तेव्हा मी पाहिलं की यानावर चादर टाकलेली आहे. भिंतीवरचे सगळे फोटो उतरवलेले होते. एकच होता, वर्तमानपत्रातला, जानेवारीतला. अमेरिकेचं यान उडून वरच फुटलं होतं. सात माणसं गेली, त्यात एक माझ्यासारखी शाळेतली बाई.

“याच्यात यान दिसतच नाही, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “नुसता धूर. अन् मी लोकायले त्याच्यात बसवून ‘हसा, हसा’ म्हणून राहिलो होतो.”

मी म्हटलं, “तुमचं यान जमिनीवर होतं. पडलंच असतं तर फार तर सूप फुटलं असतं.”

ते हसले नाहीत. दोन वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्याकडून लवकर सुटले.

तेरवीच्या आदल्या दिवशी ते फोटो घेऊन आले. काम सफाईचं होतं. ब्रशनं यान गेलं होतं, खिडकी गेली होती, सूपही गेलं होतं. उरल्या सासूबाई, पांढऱ्या शून्यात पुढं वाकलेल्या, मूठ आवळून हात उगारलेल्या; सुपाशिवाय त्यांचं हसूही दात-ओठ खाल्ल्यासारखं दिसत होतं.

नणंद बघतच राहिली. “माय कोणाले मारून राहिली?”

जेवायला आलेल्या पाहुण्यांवर असा फोटो उगारणं बरं दिसलं नसतं. मी भाऊजींना म्हटलं, “दुसरा काढा पिशवीतून.”

“कोणता दुसरा?”

“जो तुम्ही केलाच असेल तो.”

त्यांनी मान खाली घालून तो काढला. मोठा, यानासकट. मुठीत सूप, तोंडभर हसू. नणंदेनं तो हातात घेतला, पदरानं काच पुसली. “हे अशी हसे, मी विसरलीच होती,” म्हणाली आणि आपणच खिळ्याला टांगला. तेरवीला आलेल्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्या नातेवाइकानं बराच वेळ न्याहाळून विचारलं, “हे कोणतं देऊळ?” आणि मग, “सूप तर आपल्याकडचंच दिसते.” भाऊजी पंगतीत भात वाढत होते. ऐकलं, पण एरवी तासभर चालणारं स्पष्टीकरण त्यांनी दिलं नाही. ते मात्र मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चंदेरी सूप काखेत मारून तुमसरची पहिली एसटी धरली. यानावरची चादर ओढली, झटकली, घडी घालून ठेवली. भाऊजींकडून हातोडी मागून सूप जागेवर ठोकलं आणि आत स्टुलावर बसले.

“काढा,” म्हटलं. “माझाही एक करून ठेवा. मागाहून कोणाला पेट्या उपसायला नकोत.”

ते कॅमेऱ्यामागं गेले. मग आवाज आला, “हसा, वहिनी.”

मला तेरवीची भांडी परत करायची होती. मी लगेच हसले.